पाठीलाही चेहरा असलेले घड्याळ

जिनिव्हा येथे दरवर्षी एप्रिलच्या सुमारास 'वॉचेस अँड वंडर्स' हे घड्याळांचे मोठे प्रदर्शन भरते आणि अनेक नामवंत स्विस कंपन्या आपली नवी मॉडेल्स तेथे प्रथम मांडतात. मोटारींच्या आणि मोबाइल फोनच्या नव्या मॉडेलांची सवय झालेल्या वाचकाला ही घड्याळे पाहून कोडे पडते, कारण लाखो रुपये किमतीच्या या वस्तूंमधील नवेपणा अनेकदा मिलिमीटरच्या हिशेबात मोजावा लागतो. समुद्रात बुडी मारणाऱ्यांसाठी रोलेक्स कंपनीने १९५३ मध्ये आणलेल्या 'सबमरिनर' या घड्याळाची २०२० ची आवृत्ती पाहिली, तर तिचा व्यास ४० मिलिमीटरवरून ४१ झाला, पट्टा जोडण्याचे कान किंचित सडपातळ झाले, पट्ट्याची रुंदी एका मिलिमीटरने वाढली आणि कमान पूर्ण गुंडाळल्यावर घड्याळ चालण्याचा अवधी ४८ तासांवरून सुमारे ७० तासांवर गेला. बाहेरून पाहणाऱ्याला हे बदल नगण्य वाटतात. पण यांत्रिक घड्याळाच्या जगात नवे मॉडेल म्हणजे बहुधा एका जुन्या कल्पनेची नवी आवृत्ती असते, आणि त्या कल्पनेला धक्का न लावता तिच्यात भर घालणे हेच आराखडाकाराचे खरे काम मानले जाते.

असे असेल तर चांगला बदल कोणता आणि केवळ विक्रीसाठी केलेली रंगसफेदी कोणती, हे ठरवायचे कसे, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी जेजर-लेकूल्त्र या कंपनीच्या 'रिव्हर्सो' या घड्याळाइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल. त्याची मूळ कल्पना एका वाक्यात सांगता येते, त्याचा जन्म भारतातल्या खेळाच्या मैदानाशी जोडलेला आहे, आणि ज्या गरजेतून ते निर्माण झाले ती गरज संपल्यावरही ते टिकले. ते का टिकले हे समजले, की घड्याळांच्या नव्या मॉडेलांकडे पाहण्याची एक कसोटी हाती लागते.

पोलोच्या मैदानावरची अडचण

मणिपूरच्या परिसरात खेळल्या जाणाऱ्या घोड्यावरील चेंडूफळीच्या खेळाला ब्रिटिश अधिकारी आणि चहामळेवाले यांनी आधुनिक पोलोचे रूप दिले. आसामातील सिल्चर येथे १८५९ मध्ये आणि कलकत्त्यात १८६२ मध्ये पोलो क्लब स्थापन झाले, आणि पुढच्या काही दशकांत घोडदळाच्या छावण्या व संस्थानिकांचे दरबार या दोन्ही ठिकाणी हा खेळ प्रतिष्ठेचा झाला. पहिल्या महायुद्धानंतर खिशातील घड्याळाची जागा मनगटी घड्याळाने घेतली, तेव्हा खेळाडूंपुढे नवी अडचण उभी राहिली. त्या काळातील घड्याळाची काच ठिसूळ असे, आणि लाकडी फळीचा किंवा चेंडूचा एक फटका तिचे तुकडे करण्यास पुरेसा होता.

कंपनीच्या इतिहासात नोंदवल्याप्रमाणे, सेझार द त्रे हे स्विस घड्याळव्यापारी १९३०-३१ च्या हिवाळ्यात भारतात आले असता, एका पोलो सामन्यानंतर ब्रिटिश अधिकाऱ्याने त्यांना आपले काच फुटलेले घड्याळ दाखवले आणि खेळातही टिकेल असे घड्याळ बनवता येईल का, अशी विचारणा केली. द त्रे यांनी मायदेशी परतल्यावर हा प्रश्न जाक-दाव्हीद लेकूल्त्र यांच्यापुढे ठेवला. लेकूल्त्र कुटुंबाचा कारखाना स्वित्झर्लंडमधील व्हॅले द जू या डोंगराळ खोऱ्यातील ल सांतिए गावी १८३३ पासून चालत आलेला होता, आणि पॅरिसमधील घड्याळकार एदमों जेजर यांच्याशी त्याचे जुने व्यावसायिक संबंध होते. ही दोन नावे एकत्र येऊन जेजर-लेकूल्त्र हे कंपनीचे नाव मात्र १९३७ मध्ये रूढ झाले. उलटणाऱ्या घड्याळाचा आराखडा फ्रेंच अभियंता आल्फ्रेड शोव्हो यांनी तयार केला आणि ४ मार्च १९३१ रोजी पॅरिस येथे त्याच्या पेटंटसाठी अर्ज दाखल झाला. आपल्या बैठकीत सरकणारे आणि पूर्णपणे उलटे फिरवता येणारे घड्याळ, एवढाच त्या पेटंटचा आशय होता. पहिल्या रिव्हर्सोंमध्ये ताव्हान या दुसऱ्या कंपनीचे यंत्र बसवावे लागले, कारण त्या आयताकृती डबीत मावेल असे स्वतःचे यंत्र लेकूल्त्रकडे १९३३ पर्यंत तयार नव्हते.

उलटण्याची करामत

रिव्हर्सोची रचना समजून घेण्यासाठी त्याचे दोन भाग वेगळे पाहावे लागतात. तबकडी, काटे, काच आणि यंत्र हे सर्व ज्या आयताकृती डबीत असते ती हलते, आणि पट्टा जिला जोडलेला असतो ती धातूची सपाट बैठक मनगटावर स्थिर राहते. डबीच्या वरच्या आणि खालच्या टोकांना असलेल्या बारीक खुंट्या बैठकीच्या खाचांमध्ये बसवलेल्या असतात. डबीला बोटाने बाजूला दाबले की ती या खाचांतून आडवी सरकते, मग १२ ते ६ या रेषेला समांतर असलेल्या आसाभोवती कूस बदलते आणि पुन्हा मागे सरकून 'खट्' असा बारीक आवाज करीत जागेवर बसते. या हालचालीत वरची बाजू वरच राहते, मात्र चावी, म्हणजे वेळ लावण्याची बाहेरची गोल कळ, उजवीकडून डावीकडे जाते. काच आता मनगटाच्या बाजूला सुरक्षित असते आणि बाहेर दिसतो तो डबीचा कोरा धातूचा पाठभाग.

वर्णन सोपे असले तरी हे साधणे कठीण आहे. सरकणारे भाग फार घट्ट बसले तर डबी अडकते आणि फार सैल बसले तर खुळखुळते; शिवाय डबी आणि बैठक असे दोन थर एकावर एक येत असल्यामुळे घड्याळ जाड होण्याचा धोका कायम राहतो. म्हणून रिव्हर्सोसाठी यंत्र शक्य तितके पातळ आणि डबीच्या आकाराला अनुसरून आयताकृती ठेवावे लागते. आजच्या अनेक रिव्हर्सोंमध्ये वापरले जाणारे '८२२' क्रमांकाचे, हाताने चावी द्यायचे यंत्र याच जातीचे आहे. गोल यंत्र आयताकृती डबीत बसवले तर कोपऱ्यांतील जागा वाया जाते आणि आकाराची सारी प्रमाणे यंत्राच्या व्यासावर अवलंबून राहतात. यंत्रच आयताकृती असले की डबीची लांबी-रुंदी आराखडाकाराला मोकळेपणाने ठरवता येते.

सरळ रेषांचा काळ

रिव्हर्सोचे बाह्यरूप घडले ते आर्ट डेको या शैलीच्या बहराच्या काळात. १९२५ मध्ये पॅरिसला भरलेल्या सजावटी कलांच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनातून जगभर पोहोचलेल्या या शैलीत वेलबुट्टीऐवजी भूमितीचे आकार, उभ्या-आडव्या समांतर रेषा आणि टप्प्याटप्प्याने मागे सरकणाऱ्या कडा यांना महत्त्व होते. मुंबईकरांना ही शैली परकी नाही. ओव्हल मैदानाच्या पश्चिमेकडील आणि मरीन ड्राइव्हवरील इमारती, १९३३ चे रीगल आणि १९३८ चे इरॉस ही चित्रपटगृहे याच काळातील असून, मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाला युनेस्कोने २०१८ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली आहे. तेथील इमारतींच्या दर्शनी भागावर आडव्या पट्ट्यांची जी रांग दिसते, तिचेच छोटे रूप रिव्हर्सोच्या तबकडीच्या वर आणि खाली असलेल्या तीन समांतर खोबणींत आढळते. या खोबणी आजतागायत जवळजवळ प्रत्येक रिव्हर्सोवर आहेत, आणि तबकडीवर कंपनीचे नाव वाचण्याआधीच त्यांच्यामुळे घड्याळ ओळखू येते.

पाठभागाचे भाग्य मात्र कोणी ठरवून घडवले नव्हते. काचेच्या संरक्षणासाठी जो धातू बाहेर यायचा, त्यावर काही मजकूर नव्हता, आणि ही कोरी जागा पाहून लोकांना तिच्यावर काहीतरी कोरून घेण्याची इच्छा होणे स्वाभाविक होते. कोणी आद्याक्षरे कोरून घेतली, कोणी कुलचिन्हे, कोणी क्रीडासंस्थांची मुद्रा. अमेरिकी सेनानी डग्लस मॅकआर्थर यांच्या रिव्हर्सोवर त्यांची आद्याक्षरे होती, आणि वैमानिक अमेलिया इअरहार्ट यांनी १९३५ मध्ये मेक्सिको सिटी ते न्यूयॉर्क असे जे उड्डाण केले त्याचा मार्ग एका रिव्हर्सोच्या पाठीवर कोरला गेला. मीनाकारी, म्हणजे धातूवर रंगीत काचेची पूड भट्टीत वितळवून चित्र काढण्याची कला, हीसुद्धा या पाठीवर आली. १९३६ च्या एका रिव्हर्सोवर भारतीय स्त्रीचे मीनाकारीतील व्यक्तिचित्र आहे. घड्याळ वाचवण्यासाठी केलेली सोय अशा रीतीने मालकाची ओळख जपणारी जागा बनली, आणि रिव्हर्सोच्या पुढील साऱ्या इतिहासाचे बीज या बदलात आहे.

गरज संपली, कल्पना उरली

दुसऱ्या महायुद्धानंतर गोल घड्याळांची आवड वाढली, न फुटणाऱ्या प्लॅस्टिक काचा सर्रास मिळू लागल्या आणि उलटणाऱ्या घड्याळाचे मूळ प्रयोजनच नाहीसे झाले. उत्पादन थांबले. त्यातच जपानच्या सेको कंपनीने डिसेंबर १९६९ मध्ये क्वार्ट्‌झ स्फटिकाच्या कंपनांवर चालणारे पहिले मनगटी घड्याळ विक्रीस आणले, आणि स्वस्त व अचूक घड्याळांच्या लाटेत स्विस उद्योग कोलमडला. १९७० च्या सुमारास या उद्योगात सुमारे ९० हजार माणसे काम करीत होती, ती संख्या ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत एक-तृतीयांशाच्या आसपास आली.

रिव्हर्सोला परत आणण्याची प्रेरणा कारखान्याबाहेरून आली. १९७२ मध्ये कंपनीचे इटलीतील वितरक जॉर्जो कोर्वो यांना कारखान्यात पडून राहिलेल्या सुमारे २०० रिकाम्या रिव्हर्सो डब्या दिसल्या. त्यांनी त्या विकत घेतल्या, त्यांत यंत्रे बसवून घेतली, आणि ती घड्याळे इटलीत हातोहात खपली. या यशामुळे कंपनीने उत्पादन पुन्हा सुरू करण्याचे ठरवले, पण जुना आराखडा जसाच्या तसा चालणार नव्हता, कारण ग्राहक आता पाणी आणि धूळ आत न जाणाऱ्या घड्याळांना सरावला होता. अभियंता दान्येल व्हिल्ड यांनी उलटण्याची यंत्रणा नव्याने आखली आणि १९८५ मध्ये पन्नासहून अधिक सुट्या भागांची, ३० मीटर खोलीइतका पाण्याचा दाब सोसणारी डबी तयार झाली. बाहेरून पाहणाऱ्याला घड्याळ १९३१ चेच वाटावे आणि आत मात्र जवळजवळ प्रत्येक भाग नवा असावा, असा हा बदल होता, आणि डिझाइनमधील सुधारणेचा हा एक आदर्श नमुना म्हणून पाहता येतो.

त्याहून महत्त्वाचे पाऊल १९९४ मध्ये पडले. 'ड्युओफेस' या आवृत्तीत पाठीवर दुसरी तबकडी आली आणि तिच्यावर दुसऱ्या देशाची वेळ दिसू लागली. वरवर पाहता दोन घड्याळे एकमेकांच्या पाठीला पाठ लावून बसवली असावीत असे वाटते, पण प्रत्यक्षात दोन्ही तबकड्यांवरील काटे एकच यंत्र फिरवते. एकाच आसावर फिरणारे चाक पुढून पाहिले तर उजवीकडे आणि मागून पाहिले तर डावीकडे फिरताना दिसते. म्हणून मागील काटेही योग्य दिशेने फिरावेत यासाठी मध्ये दिशा बदलणारी चाके घालावी लागतात, आणि पुढची वेळ न बिघडवता मागची वेळ तासातासाने पुढे नेण्याची स्वतंत्र सोय करावी लागते. मुंबईत राहून लंडनमधील किंवा न्यू जर्सीतील मुलांशी बोलणाऱ्या कुटुंबाला दोन वेळा एकत्र ठेवण्याची गरज चांगली परिचयाची आहे. ड्युओफेसने त्या गरजेला उत्तर देताना तबकडीवर आणखी एक काटा घालून गर्दी केली नाही, दुसऱ्या वेळेला स्वतःचे घर दिले. काच वाचवण्यासाठी जन्मलेली उलटण्याची क्रिया येथे प्रथमच स्वतःच्या पायावर उभी राहिली.

अलीकडच्या आवृत्त्या

घड्याळशास्त्रात तास, मिनिट आणि सेकंद यांपलीकडे घड्याळ जे काही दाखवते किंवा करते, त्याला 'कॉम्प्लिकेशन' म्हणतात. तारीख, चंद्राच्या कला, मागणी केल्यावर तास-मिनिटे घंटानादाने सांगणारे 'मिनिट रिपीटर', किंवा गुरुत्वाकर्षणामुळे येणारी चूक कमी करण्यासाठी घड्याळाची गती राखणारे चाक फिरत्या पिंजऱ्यात बसवणारे 'टूर्बियाँ' ही त्याची काही उदाहरणे होत. रिव्हर्सोला दोन बाजू असल्यामुळे या गोष्टी मांडण्यासाठी इतर घड्याळांपेक्षा अधिक जागा मिळते, आणि २००६ मधील 'त्रिप्तिक' या आवृत्तीत कंपनीने मनगटावर स्थिर राहणाऱ्या बैठकीलाही तिसरी तबकडी बहाल केली. बैठकीत वेगळे यंत्र नसते; मध्यरात्री डबीतील यंत्रातून एक बारीक खुंटी बाहेर येते, बैठकीतील कळ एकदाच दाबते आणि तेथील पंचांग एका दिवसाने पुढे सरकते.

याच युक्तीचा पुढचा टप्पा म्हणजे घड्याळाच्या नव्वदाव्या वर्षी, २०२१ मध्ये, सादर झालेले 'क्वाद्रिप्तिक'. त्याला चार तबकड्या आहेत: पहिलीवर कायमस्वरूपी कॅलेंडर आणि टूर्बियाँ, दुसरीवर मिनिट रिपीटर, बैठकीच्या आतल्या बाजूला उत्तर गोलार्धातील चंद्राची स्थिती आणि तिच्या मागे दक्षिण गोलार्धातील चंद्र. चंद्राच्या कलांबरोबरच त्याची पृथ्वीपासूनची कमी-अधिक होणारी दूरता आणि ग्रहणांशी निगडित असलेले त्याच्या कक्षेचे आवर्तन हेही येथे दाखवले जाते. राहू-केतू म्हणजे चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाला जेथे छेदते ते दोन पात, हे ज्यांना पंचांगामुळे माहीत आहे, त्या मराठी वाचकाला हे तिसरे आवर्तन कशाविषयी आहे ते लगेच उमगेल. अवघी १० घड्याळे बनलेली ही आवृत्ती सामान्य ग्राहकासाठी नव्हती. एका साध्या कल्पनेची सीमा कोठपर्यंत ताणता येते, याचा तो शोध होता.

२०२५ च्या प्रदर्शनात मांडलेल्या दोन आवृत्त्या अधिक बोलक्या आहेत, कारण त्या परस्परविरुद्ध दिशांनी जातात. 'ट्रिब्यूट जिऑग्राफिक' या घड्याळाच्या पुढील तबकडीवर मोठ्या अंकांची तारीख आहे, आणि उलटल्यावर मागे लाखेच्या रंगाने हाताने भरलेला जगाचा नकाशा व त्याभोवती वेगवेगळ्या कालक्षेत्रांतील शहरांची नावे दिसतात. शहरांच्या आतील २४ तासांचे कडे फिरत राहते, त्यामुळे प्रत्येक शहरात किती वाजले आहेत आणि तेथे दिवस आहे की रात्र, हे एका दृष्टिक्षेपात कळते. जागतिक वेळ दाखवणाऱ्या बहुतेक घड्याळांत शहरांची ही रांग मुख्य तबकडीवरच दाटीवाटीने बसवलेली असते आणि रोजची वेळ वाचणे त्रासाचे होते; येथे ती मागे गेल्यामुळे पुढची बाजू शांत राहिली आहे.

दुसरी आवृत्ती 'ट्रिब्यूट मोनोफेस'ची. नावाप्रमाणे तिला एकच तबकडी असून पाठ जुन्या पद्धतीने कोरी ठेवली आहे. डबी ४५.६ मिलिमीटर लांब, २७.४ मिलिमीटर रुंद आणि ७.५६ मिलिमीटर जाड आहे, यंत्र ८२२ क्रमांकाचेच आहे, आणि खरा बदल पट्ट्यात आहे. चामड्याऐवजी येथे मिलानी विणीचा, म्हणजे बारीक तारेची कडी एकमेकांत गुंफून कापडासारखा लवचीक केलेला, गुलाबी सोन्याचा पट्टा वापरला असून त्यासाठी १६ मीटरहून अधिक तार लागते. तबकडीचा पृष्ठभागही त्याच सोन्याच्या रंगाचा आणि वाळूच्या कणांसारखा खरखरीत ठेवल्यामुळे पट्टा, डबी आणि तबकडी यांच्यातील सीमा पुसट होतात. येथे कोणतीही नवी सोय दिलेली नाही. घड्याळ मनगटावर कसे लपेटले जाते आणि प्रकाश त्यावरून कसा सरकतो, एवढ्यातच नवेपणा आहे, आणि तरीही तो वरवरचा वाटत नाही, कारण पट्ट्याची वीण डबीच्या कडक रेषांना मऊपणाचा प्रतिसाद देते.

कसोटी

या दोन घड्याळांची तुलना केली, की सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट होते. नव्या मॉडेलातील बदल किती मोठा आहे, याला फारसे महत्त्व नाही. तो त्या घड्याळाच्या मूळ कल्पनेतून उगवला आहे की बाहेरून चिकटवला आहे, हे महत्त्वाचे आहे. रिव्हर्सोच्या बाबतीत नुसता तबकडीचा रंग बदलला तर ते हंगामी आकर्षण ठरते, कारण तोच रंग कोणत्याही घड्याळाला देता येईल. जगाचा नकाशा पाठीवर ठेवणे, बैठकीला मध्यरात्री एकदा ढकलणे, किंवा होकुसाई या जपानी चित्रकाराची धबधब्यांची चित्रे मीनाकारीत पाठीवर उतरवणे हे मात्र उलटणाऱ्या घड्याळातच अर्थपूर्ण ठरते. हीच कसोटी इतरत्रही लावता येते. सबमरिनरचा एक मिलिमीटर आणि वाढलेले बावीस तास हे दीर्घकाळ निर्धोक वापराच्या कल्पनेशी जुळतात, म्हणून ते सार्थ आहेत. तेवढाच बदल केवळ मनगटावर अधिक ठळक दिसावे म्हणून केला असता, तर त्याला तोच मान देण्याचे कारण उरले नसते.

भारतीय ग्राहकाला हे विवेचन आता अधिक जवळचे ठरेल. भारत आणि स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांचा समावेश असलेला व्यापार करार १० मार्च २०२४ रोजी झाला आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. त्यानुसार स्विस घड्याळांवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने कमी होत जाणार आहे. दुकानांत मॉडेलांची गर्दी वाढेल, जाहिरातींत प्रत्येक आवृत्ती युगप्रवर्तक म्हणून मांडली जाईल, आणि अशा वेळी जाडी किती, यंत्र कोणते, दुरुस्तीची सोय कोठे, या व्यवहारी प्रश्नांच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारणे ग्राहकाच्या हिताचे आहे: हा बदल काढून टाकला, तर या घड्याळाचे स्वतःचे असे काही कमी होईल का? रिव्हर्सोच्या नव्वदहून अधिक वर्षांच्या वाटचालीतील जे बदल टिकले, त्या प्रत्येकाबद्दल या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी येते. आराखडाकारांनी उलटण्याची मर्यादा ओझे मानली नाही, ती स्वीकारून तिच्यातून पुन्हा पुन्हा नवे काम करून घेतले, आणि भारतातल्या मैदानावर एका फुटक्या काचेमुळे सुचलेली सोय त्यामुळेच आजही नवी मॉडेल्स देऊ शकते.